झीलकऱ्याची गोष्ट

पोवाडा रंगात आला की सगळ्यांचे डोळे शाहिरावर असतात. त्याच्या मागे उभे राहून ‘जी जी’ करणाऱ्या दोघातिघांकडे कोणी पाहत नाही. आमच्या कोल्हापुरात पिराजीराव सरनाईकांचे पोवाडे ऐकलेली माणसे अजून भेटतात. शाहिराचा आवाज, त्याचा फेटा, त्याने डफावर मारलेली थाप याबद्दल ती तासभर बोलतील. मागे झील कोण धरायचे, असे विचारले की गप्प होतात. वास्तविक झीलकऱ्याचे काम मोठे जोखमीचे असते. शाहिराला दम घ्यायला उसंत द्यायची, तो ओळ विसरला तर झील लांबवून वेळ मारून न्यायची, आणि हे करताना आपण काही केले असे कोणाला कळू द्यायचे नाही. शाहीर चुकला तरी ‘जी जी’, बरोबर असला तरी ‘जी जी’.

माझ्या मनात हा झीलकरी बरीच वर्षे घोळत होता. त्याची गोष्ट कोणी सांगितलेली मला ठाऊक नव्हती. ती सापडली एका अमेरिकन विनोदी मालिकेत, म्हणजे जिथे शोधायला मी कधी गेलोच नसतो अशा ठिकाणी. एका स्नेह्यांच्या मुलाने परदेशातून येताना तबकड्यांचा एक संच आणला होता. इंग्रजी भराभर बोललेले मला समजत नाही, म्हणून खाली उमटणारी अक्षरे वाचत, मध्येच थांबवत, शब्दकोश उघडत मी ती मालिका दोन पावसाळ्यांत पुरी केली. तिचे नाव ‘द लॅरी सँडर्स शो’.

मालिका १५ ऑगस्ट १९९२ रोजी एचबीओ या वाहिनीवर सुरू झाली आणि १९९८ च्या मे अखेरीस संपली. सहा पर्व. गॅरी शँडलिंग आणि डेनिस क्लाइन हे तिचे जनक. शँडलिंग स्वतः लॅरी सँडर्सचे काम करतो. हा लॅरी रात्री उशिरा लागणाऱ्या गप्पांच्या कार्यक्रमाचा यजमान आहे. पडदा सरकतो, हा बाहेर येतो, चार विनोद सांगतो, टेबलामागे बसतो आणि पाहुण्यांशी बोलतो. अमेरिकेत अशा कार्यक्रमांचे प्रस्थ फार. जॉनी कार्सन नावाचा गृहस्थ १९६२ पासून १९९२ पर्यंत, तीस वर्षे असा एक कार्यक्रम चालवत होता. त्याच्या निवृत्तीनंतर त्या खुर्चीसाठी जे लेनो आणि डेव्हिड लेटरमन यांच्यात जी ओढाताण झाली ती तिकडच्या वर्तमानपत्रांना पुरून उरली. शँडलिंगने कार्सनच्या जागी अनेकदा बदली यजमान म्हणून काम केले होते. पुढे त्याला स्वतःचा असा खराखुरा कार्यक्रम देऊ केला गेला, तो त्याने नाकारला. खुर्ची घेण्याऐवजी त्याने खुर्चीची गोष्ट सांगायचे ठरवले.

मालिका दोन रूपांत चित्रित केलेली आहे. लॅरीचा कार्यक्रम चालू असतो तेव्हाचे चित्र व्हिडिओचे असते, झगझगीत, सपाट, प्रेक्षकांच्या हशांसह. पडद्यामागे गेलो की चित्र फिल्मचे होते, रंग मळतात, कॅमेरा माणसांच्या पाठीमागून चालू लागतो आणि हशा नाहीसा होतो. कुठे हसायचे हे सांगायला कोणी नसते. पहिल्या काही भागांत मला हे चमत्कारिक वाटले, कारण टीव्हीवरच्या विनोदाबरोबर हशाही आयता मिळण्याची आपल्याला सवय झालेली आहे. नंतर लक्षात आले की त्या शांततेतच मालिकेचा जीव आहे. बाहेर ‘माझा जुना मित्र’ म्हणून मिठी मारलेल्या पाहुण्याला आत आल्यावर लॅरी ओळखही दाखवत नाही, आणि पाहुणाही त्याला टाळत असतो. रात्री घरी जाऊन हा माणूस अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःचाच कार्यक्रम पाहतो आणि आपले बूड पडद्यावर मोठे दिसते का, हे शेजारी असलेल्या बाईला विचारतो.

लॅरीच्या बाजूला कोचावर बसतो तो हँक किंग्सली. जेफ्री टॅम्बरने केलेले हे काम मी आजवर पाहिलेल्या विनोदी भूमिकांतले सर्वांत दुःखी काम आहे. हँक हा झीलकरी. कार्यक्रमाच्या सुरुवातीला लॅरीचे नाव पुकारायचे, त्याच्या विनोदावर सर्वांआधी हसायचे आणि ठरलेले एक पालुपद म्हणायचे, एवढेच त्याचे काम. कार्सनच्या शेजारी असाच एड मॅकमहॉन तीस वर्षे बसला होता, त्यामुळे तिकडच्या प्रेक्षकाला हँक कोणावरून बेतला हे सांगावे लागत नसे. पण हँकला आपण झीलकरी आहोत हे मान्य नाही. तो आपल्या नावावर व्यायामाचे यंत्र विकायला जातो, गोल फिरणारे उपाहारगृह काढायला जातो आणि प्रत्येक वेळी तोंडावर पडतो. एका भागात लॅरी आजारी पडतो आणि यजमानाच्या खुर्चीत हँकला बसावे लागते. भीतीने थरथरणारा हँक पहिल्या रात्री लोकांना आवडून जातो. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात येतो तोच साहेब होऊन, सगळ्यांना हुकूम सोडतो, आणि त्या रात्रीचा कार्यक्रम धुळीला मिळतो. मी हा भाग तीनदा पाहिला. पहिल्यांदा खूप हसलो. तिसऱ्यांदा पाहताना घरच्यांनी विचारले, काय झाले?

या दोघांच्या मध्ये निर्माता आर्टी आहे. रिप टॉर्नने तो उभा केला आहे आणि त्यासाठी त्याला एमी पारितोषिकही मिळाले. तमाशाच्या फडात मॅनेजर नावाची जी वस्तू असते, तीच ही. कनातीत भांडण लागले तरी बाहेर ढोलकी वेळेवर वाजली पाहिजे, एवढे त्याला कळते. दिवसभर तो सर्वांशी खोटे बोलतो, आणि त्यातले बरेचसे खोटे प्रेमापोटी असते.

आता जरा पैशाकडे पाहू. मालिकेच्या पहिल्याच भागात वाहिनीची माणसे लॅरीला सांगतात की कार्यक्रमात बागकामाच्या एका अवजाराची जाहिरात तू स्वतः करायचीस. लॅरीला ते हीन वाटते. नको म्हणायची हिंमत होत नाही, हो म्हणताना तोंड कडू होते, आणि अख्खा भाग या कडूपणावर चालतो. असा भाग लिहिता आला, कारण एचबीओ जाहिरातींवर चालणारी वाहिनी नव्हती. घरोघरचे वर्गणीदार पैसे भरत, त्यावर ती चाले. जाहिरातदाराची चेष्टा केली म्हणून उद्याची चूल विझेल अशी भीती तिला नव्हती. व्यंगाला धाडस लागते असे आपण म्हणतो. धाडस लागतेच, पण बिल कोण भरतो हेही पाहावे लागते. आमच्याकडच्या समीक्षेत ही दुसरी गोष्ट सहसा कोणी विचारत नाही.

आपल्याकडे असे काही का झाले नाही, हा माझा खरा प्रश्न. पडद्यामागचे पुढे आणून दाखवणे मराठीला नवे नाही. तमाशात गण-गवळण झाली की बतावणी येते. सोंगाड्या सरदाराशी हुज्जत घालतो, मालकाची, पुढाऱ्याची, जमलेल्या पाटलांची आणि स्वतःच्या फडाची फिरकी घेतो. वगात राजा सिंहासनावर बसलेला असताना शिपाई त्याच्या पायातल्या फाटक्या वहाणेकडे बोट दाखवू शकतो. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ दादा कोंडके गाजवत होते तेव्हा त्या दिवसाचे राजकारण त्या रात्रीच्या प्रयोगात येई. सभा, सत्कार आणि पाहुणे यांचा डोलारा पुलंनी ‘वाऱ्यावरची वरात’मधून आत शिरून दाखवला होता. ‘सामना’ने १९७५ च्या सुमारास साखरसम्राटाच्या वाड्यातली हवा मोठ्या पडद्यावर आणली. म्हणजे हत्यारे होती आणि ती चालवणारे हातही होते.

मात्र टीव्हीवरची मुलाखत आपण तमाशाकडून घेतली नाही. ती घेतली सत्काराकडून. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, आणि पुढे त्यावर ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमांतून थोर लेखक-कलावंत घरात येऊन बोलू लागले. त्या मुलाखती चांगल्याच होत्या, त्यांनी माझ्यासारख्या कॉलेज अर्धवट सोडलेल्याला वाचायला लावले, हे ऋण मी विसरत नाही. परंतु त्यांची बैठक शाल-श्रीफळाची होती. पाहुणा मोठा, विचारणारा नम्र. ‘आपल्या या प्रवासाविषयी थोडं सांगाल का?’ हा प्रश्न आपल्याकडे पन्नास वर्षे विचारला जातो आहे. सत्कारात पडद्यामागे जाणे हे वाईट वागणे समजले जाते. शालीवरची किंमतीची चिठ्ठी काढायची राहिली असेल तर सगळे पाहतात आणि कोणीही बोलत नाही.

हे मी लांबून पाहून लिहीत नाही. १९९९ च्या आगेमागे इथल्या एका लहानशा केबल वाहिनीवर मी दीड वर्ष काम केले. नाव घेत नाही, ती बंद पडूनही जमाना झाला. ‘शहराचे मानकरी’ या थाटाचा आठवड्याचा एक मुलाखतीचा कार्यक्रम असे. सूत्रधार दुसरे होते, देखणे, आवाजाचे. मी प्रश्नांच्या चिठ्ठ्या लिहायचो, पाण्याचे ग्लास भरायचो, आणि समोर वीस खुर्च्यांवर बसवलेल्या पोरांना हात वर करून टाळ्यांची खूण करायचो. एका आठवड्याला एका साखर कारखान्याचे चेअरमन यायचे होते. त्या हंगामात ऊसबिले थकली होती आणि माझ्या सासुरवाडीची माणसे रोज हेलपाटे घालत होती. मी आठ प्रश्न लिहिले. सहावा थकीत बिलांचा होता. चिठ्ठ्या आधी पाहुण्यांकडे पाठवायची पद्धत होती. परत आल्या तेव्हा सात होत्या. कोणी रागावले नाही, कोणी दमही दिला नाही. सूत्रधार मला एवढेच म्हणाले, “राहू दे रे, पाहुण्याला घरी बोलावून असलं विचारतंय व्हय कोण?” रेकॉर्डिंगमध्ये चेअरमनसाहेबांनी लहानपणी दप्तर नसल्याची आठवण सांगितली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कारण मी हात वर केला होता.

हँक किंग्सलीला पाहून मी का थांबलो, ते वाचकांच्या आता ध्यानात यावे.

मराठी टीव्हीवर या मालिकेच्या सर्वांत जवळ जो कार्यक्रम पोचला तो ‘चला हवा येऊ द्या’. ऑगस्ट २०१४ मध्ये झी मराठीवर तो सुरू झाला आणि पहिला मोठा डाव मार्च २०२४ मध्ये थांबला. साहित्याच्या अंकात त्याचे नाव घेतले की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, याची मला कल्पना आहे. पण दहा वर्षे ज्या गोष्टीला महाराष्ट्र हसला तिची रचना कशी होती हे पाहणे समीक्षेचे काम आहे, आणि ती रचना फार हुशार होती. गप्पांचा कार्यक्रम असूनही त्यात चकचकीत स्टुडिओ नाही. थुकरटवाडी नावाचे एक काल्पनिक गाव आहे. डॉ. निलेश साबळे त्या गावाचा सूत्रधार, आणि भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, भारत गणेशपुरे, श्रेया बुगडे ही गावची मंडळी. पाहुणे म्हणून नव्या सिनेमाची किंवा नाटकाची मंडळी येतात, आणि त्यांच्यासमोर त्यांच्याच कलाकृतीची, किंवा गाजलेल्या एखाद्या सिनेमाची, विटंबना सादर केली जाते. ज्याची नक्कल चालू आहे तो नट समोर बसून डोळे पुसत हसतो आहे. बतावणीचा हा शंभर टक्के अस्सल वारसा आहे. सत्काराच्या मांडवात सोंगाड्या घुसवण्याचे काम साबळे आणि मंडळींनी केले, आणि ते आधी कोणी इतक्या ठसठशीतपणे केले नव्हते.

मग कमी कुठे पडले? मला वाटते, अपमान कोणाच्या वाट्याला येतो त्यात. ‘लॅरी सँडर्स’मध्ये खरे नामवंत स्वतःच्या नावाने येतात आणि आपलीच कोती, मत्सरी, हावरट आवृत्ती रंगवून जातात. थुकरटवाडीत पाहुणा सुखरूप असतो. चेष्टा होते ती त्याच्या भूमिकेची. मोबदला किती, दिग्दर्शकाशी का बिनसले, प्रसिद्धीच्या दौऱ्यात रोज तेच किस्से सांगून कंटाळा येतो का, या मुलखात नक्कल शिरत नाही. उलट खाली पडण्याचे सगळे काम गावची मंडळी करतात. भाऊ कदम यांच्या रंगावर, पोटावर, उंचीवर किती विनोद झाले असतील याची मोजदाद नाही. ते विलक्षण ताकदीचे नट आहेत. नुसते उभे राहून, डोळे मिचकावून ते जे करतात ते लिहून देता येत नाही. एवढा नट हाताशी असताना त्याचे शरीर हाच विनोदाचा विषय करणे, हा मला आळस वाटतो. साडी नेसलेल्या पुरुषांबद्दलही तेच. मावशीची परंपरा आहे म्हणून ती दर आठवड्याला चालेल असे नाही. तमाशातली मावशी कृष्णाला अडवून चार प्रश्न विचारायची. इथली बहुतेक वेळा फक्त साडी नेसायची.

जाहिरातीचेही पाहा. अमेरिकन मालिकेत जाहिरात हा गोष्टीचा विषय होता. इथे जाहिरात ही गोष्टीची चौकट आहे. पाहुणे येतात तेच सिनेमा लागायचा असतो म्हणून. नक्कल कितीही झोंबरी झाली तरी शेवटी ती सिनेमाची दवंडी ठरते, आणि हे सर्वांना मान्य असते. शाहरुख खानसारखा नट या मंचावर येऊन बसला तेव्हा आपल्याला अभिमान वाटला, मलाही वाटला. पण त्या दिवशी थुकरटवाडी मोठी झाली की शाहरुख गावात येऊन गेला, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

या कार्यक्रमात एक भाग मात्र असा होता की जो त्या अमेरिकन मालिकेतही नाही. पोस्टमन. सागर कारंडे खाकी कपड्यांत यायचे आणि अरविंद जगताप यांनी लिहिलेले पत्र वाचायचे. पत्र कधी शेतकऱ्याचे, कधी आईबापाचे, कधी ज्याला बोलता येत नाही अशा कशाचे तरी. क्षणापूर्वी खिदळणारा मंच गप्प व्हायचा. जगतापांची भाषा साधी, वाक्ये आखूड, आणि टोमणा कुठे मारला हे दोन वाक्यांनंतर कळणारा. आमच्या गल्लीतल्या चहाच्या टपरीवर या पत्रांवर मी माणसांना वाद घालताना ऐकले आहे. मराठी टीव्हीवरच्या किती लेखनाबद्दल असे म्हणता येईल?

तरीही एक शंका राहते. कार्यक्रमातली सगळी गंभीर बाजू पत्राच्या पाकिटात घातल्यामुळे उरलेला विनोद मोकळा सुटला का? रडायचे असेल तेव्हा पोस्टमन येईल, तोवर पोटावर, रंगावर हसत राहू, अशी वाटणी झाली. पत्रात शेतकरी होता, नकलेत पुढारी असला तरी हात राखून होता. वगातला शिपाई हसवता हसवताच राजाचे कापड फेडायचा, त्यासाठी त्याला वेगळे पाकीट लागत नसे. माझे एक मित्र, जे स्वतः एकांकिका बसवतात, त्यांना हे पटत नाही. त्यांच्या मते दर आठवड्याला दोन भाग, पाठांतर, कपडे, पाहुण्यांच्या तारखा, या रेट्यात एवढे झाले हेच पुष्कळ. तेही खरे आहे. किंबहुना तो रेटा हीच एक उत्तम विनोदी मालिका आहे. थुकरटवाडीच्या विंगेत काय चालते, कोणाला ऐनवेळी काय सांगितले जाते, कोणत्या पाहुण्याचा माणूस आधी येऊन कोणता विनोद गाळायला लावतो, हसताना कोण खरे हसते. याची नुसती कल्पना केली तरी हँक, आर्टी सगळे मराठीत बोलू लागतात. ती मालिका मात्र कोणी लिहिली नाही.

प्रेक्षकांना कळणार नाही, हे कारण मला कोणी सांगू नये. ‘तुझ्यात जीव रंगला’चे चित्रीकरण आमच्या जवळच वसगड्यात चालायचे. तो वाडा पाहायला लोक गाड्या करून जायचे. पडद्यावर जाऊ कशी छळते हे ज्यांना पाठ होते, त्यांनाच तिथे ती जाऊ आपल्या जावेबरोबर डबा खाताना दिसायची, आणि कोणाचाही भ्रम भंगला नाही. परत येऊन रात्री तीच माणसे त्याच जावेला शिव्या देत. आत काय आणि बाहेर काय हे एकाच वेळी डोक्यात ठेवणे इथल्या माणसाला जमते. पन्नास-साठ वर्षे शूटिंग बघत वाढलेले गाव आहे हे.

मी स्वतः पडद्यामागे पहिल्यांदा गेलो तो केशवराव भोसले नाट्यगृहात, शाळकरी वयात. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभे केलेले पॅलेस थिएटर ते हेच. शेजारचे एक काका तिथे पडद्याच्या दोरीवर असत आणि मला विंगेत एका पेटीवर बसवून ठेवत. तिथून नाटक कधी नीट दिसले नाही. एका नटाचा कान, दुसरीची वेणी, आणि पलीकडच्या विंगेत विडी विझवून देवाला हात जोडून आत शिरणारा म्हातारा नोकर एवढेच दिसायचे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. बाहेर रडणाऱ्या लोकांत कलावंत होते, प्रेक्षक होते, आणि ज्यांची नावे कधी पाटीवर लागली नाहीत असे रंगमंच कामगारही होते. मी त्यांतल्या एकाला ओळखले, त्याने मला नाही.

केबल वाहिनीच्या दिवसांतल्या दोन कॅसेट माझ्याकडे राहिल्या होत्या. एकीवर पुढे कोणाच्या तरी मुलाचे बारसे चढवले गेले. दुसरी मी मागच्या वर्षी एका स्टुडिओत नेऊन संगणकावर उतरवून घेतली. चेअरमनसाहेबांचीच निघाली. कार्यक्रम सुरू होण्याआधी कॅमेरा चुकून चालू राहिला असावा, कारण सुरुवातीला सुमारे वीस सेकंदांचे भलतेच चित्र आहे. साहेब घाम टिपताहेत. सूत्रधार आरशात बघून भांग सारखा करताहेत. कोणीतरी विचारते, “ते सहा नंबरचं काढलं न्हवं?” आणि चौकटीबाहेरून एक तरुण आवाज येतो, “जी साहेब, काढलं.”

आवाज माझा आहे.